जुन्या गुन्ह्याची नोंद: सोलापुरात कुठे बघायची आणि साफ कशी करून घ्यायची

मिरवणुकीत डीजेवरून वाद झाला, मंडळाच्या सात-आठ पोरांवर गुन्हा दाखल झाला. तारखा पडत राहिल्या, शेवटी सगळे निर्दोष सुटले, पेढेही वाटून झाले. मग त्यातल्या एकाला पुण्यात नोकरी लागते, कंपनी चारित्र्य पडताळणी मागते आणि शेरा येतो: ‘गुन्हा दाखल आहे’. निकाल कोर्टात लागला, पण ठाण्याच्या नोंदीपर्यंत पोहोचलाच नाही. सोलापुरात असे किस्से घरटी नाही, पण गल्लीत एक तरी सापडतोच.

आधी एक स्पष्ट सांगतो. अर्ज केला की अटकेची नोंद कायमची पुसली जाते, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ‘रेकॉर्ड क्लीन करून देतो’ म्हणत पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आपल्या हातात आहे ते नोंदीपुढे खरा निकाल चढवून घेणं. नव्वद टक्के कामं तेवढ्यानं भागतात, असं माझं मत.

आधी हद्द बघा

सोलापुरात पोलिसांची तीन वेगवेगळी घरं आहेत. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, सलगर वस्ती, एमआयडीसी ही ठाणी शहर पोलीस आयुक्तालयात येतात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ वगैरे आणि सोलापूर तालुका ठाणं हे ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. तालुका ठाण्याच्या नावात ‘सोलापूर’ असल्यानं लोक हमखास आयुक्तालयात जाऊन उभे राहतात. आणि प्रकरण स्टेशनात किंवा गाडीत घडलेलं असेल तर ते लोहमार्ग पोलिसांचं. त्यांचे अधीक्षक पुण्याला बसतात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज फिरत राहतो, म्हणून हे आधी.

लोकांना काय बघता येतं

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’मध्ये जा. जिल्ह्याच्या यादीत सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण वेगळे दिसतील. ठाणं आणि तारखा टाका. आरोपीला स्वतःच्या एफआयआरची प्रत ठाण्याकडेही मागता येते. वकील किंवा प्रतिनिधीमार्फत अर्ज दिला तर चोवीस तासांत द्यावी, असं त्याच आदेशात आहे.

अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा नियंत्रण कक्षात ठळकपणे लावायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. नातेवाईक कुठल्या ठाण्यात नेलाय हे कळत नसेल तर हीच यादी विचारा.

माहितीच्या अधिकाराची मर्यादाही ओळखा. दहा रुपयांच्या अर्जावर स्वतःबद्दल विचारा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. शेजाऱ्याची किंवा होणाऱ्या जावयाची कुंडली मात्र त्यातून निघत नाही. खासगी माहिती म्हणून नाकारली जाते आणि ते बरोबरच आहे. तपास चालू असेल तर स्वतःच्या प्रकरणातलीही काही कागदं अडतात.

गुन्हा नंबरावरून कोर्टाचा नंबर काढा

ठाण्याचा ‘गु.र.नं.’ (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कोर्टाचा नंबर वेगळे असतात. कोर्टात तेच प्रकरण आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस), एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) किंवा सेशन केस म्हणून येतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर नंबर, ठाणं आणि वर्ष टाकून शोधता येतं. सोळा अक्षरी सीएनआर नंबर सापडला की तो जपून लिहून ठेवा. फार जुनं प्रकरण नेटवर नसेल तर वकिलामार्फत कोर्टाच्या रजिस्टरमधून काढावं लागतं.

मग नेमकं झालं काय ते वाचा. पोलिसांनी समरी, म्हणजे खटला न चालवता तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली होती का? ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली. समरी पाठवली म्हणजे विषय संपला, असं धरू नका. कोर्टानं ती मंजूर केल्याचा हुकूम लागतो. तडजोडीनं मिटलेलं, म्हणजे कायद्यानं तडजोडीस पात्र असलेलं प्रकरण निर्दोष सुटकेसारखंच धरलं जातं. सणासुदीला किंवा निवडणुकीच्या तोंडावर होणारी चॅप्टर केस ही शिक्षा नव्हेच, ते शांतता राखण्याचं बंधपत्र असतं. तरीही पडताळणीत तिचा उल्लेख येऊ शकतो, म्हणून मुदत संपल्याचा कागद काढून ठेवा.

नक्कल आणि अर्ज

हे खरं काम. ज्या कोर्टात निकाल लागला त्याच्या नक्कल विभागात अर्ज करा: केस नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, कोर्ट फी स्टॅम्प. निकालाच्या दोन-तीन प्रमाणित प्रती एकदमच मागा. झेरॉक्सवर कुणी शेरा बदलत नाही.

मग संबंधित ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना अर्ज द्या. प्रत आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयाला. मजकूर लांबवू नका. एवढं पुरे (सीसीटीएनएस म्हणजे पोलिसांची गुन्ह्यांची संगणकीय नोंद प्रणाली):

‘आपल्या ठाण्याकडील गु.र.नं. ___ मधील आर.सी.सी. क्र. ___ चा निकाल दि. ___ रोजी लागून माझी निर्दोष मुक्तता झाली आहे. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. तरी सीसीटीएनएस प्रणालीत व ठाण्याच्या अभिलेखात निकालाची नोंद घेऊन मला लेखी कळवावे, ही विनंती.’

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख असलेली पोच घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ असं म्हणाले तर नम्रपणे थांबा, किंवा पोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं पाठवा. महिनाभर काही हललं नाही तर त्या अर्जावर काय कारवाई झाली हे माहिती अधिकारात विचारा. असा अर्ज गेला की फाइल जागेवरून उठते. त्यानंतरच चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज करा, आणि त्यालाही निकालाची प्रत जोडा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही.

फॉर्ममध्ये खोटं लिहू नका

अटक झाली होती का, गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली होती का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. फक्त नोटीस देऊन सोडलं असेल तर अटक झालेली नसते, पण गुन्हा दाखल असतो. निर्दोष सुटलात तरी ‘गुन्हा दाखल झाला होता का’ याचं उत्तर ‘होय, निर्दोष मुक्त’ असंच. किरकोळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीनं सरकारी नोकऱ्या जास्त गेल्यात. अशा प्रकरणांत काय बघायचं याचे निकष सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच घालून दिलेत.

खटला चालू असताना पासपोर्ट हवा असेल तर ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी घ्या.

जिथं नोंद खरोखर जाते

बोटांचे ठसे आणि फोटो २०२२ च्या ओळख कायद्याखाली पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि तुम्ही खटल्याविना किंवा निर्दोष सुटला असाल, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ते नष्ट करायचे असतात. कोर्टानं कारण देऊन ठेवायला सांगितलं तरच अपवाद. अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागेल, आपोआप होईल याची वाट बघू नका.

गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ बघा. दोषी ठरल्याची नोंदही ठरावीक काळानं नष्ट करायची असते, अपवाद फक्त निर्घृण गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवून बाल न्यायालयानं दोषी ठरवलेल्या सोळा वर्षांवरच्या मुलाचा. ही बाब पालकांना क्वचितच कुणी सांगतं.

मूळ गुन्हाच रद्द करायचा तर उच्च न्यायालय, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८. जुन्या कायद्यातलं ४८२. नवरा-बायकोच्या समेटानंतरची प्रकरणं बहुधा याच वाटेनं मिटतात. त्यासाठी पूर्वी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. रद्द झाल्याचा हुकूम मिळाला की तोही वरच्या अर्जासारखाच ठाण्यात नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची.