बोलून केसपेपर लिहिताय? या चुका टाळा

रात्री एकदम चार ॲडमिशन्स येतात तेव्हा कॉम्प्युटरवर बोलून नोट्स उतरवता येणं हा फार मोठा आधार असतो. पेशंटकडे बघायला वेळ मिळतो. मी रोज असंच लिहितो. तरी माझ्या हातून झालेल्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ एकच: बोललो आणि न वाचता सेव्ह केलं.

सगळ्यात घातक म्हणजे 'नो' गळणं. 'नो नोन ड्रग ॲलर्जी' (म्हणजे कुठल्याही औषधाची ॲलर्जी असल्याचं माहीत नाही) भरभर म्हणून बघा. 'नो' पुढच्या 'नोन'मध्ये विरघळतो आणि स्क्रीनवर 'नोन ड्रग ॲलर्जी' उरतं. एकदा अँटिबायोटिक भरता भरता सिस्टर थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "सर, यांना ॲलर्जी कशाची आहे?" त्यांनी विचारलं म्हणून चूक कळली. तेव्हापासून मी 'पेशंट डिनाइज एनी ड्रग ॲलर्जी' (पेशंट म्हणतो, औषधाची ॲलर्जी नाही) असंच म्हणतो. यातला शब्द गळला तर वाक्य मोडतं, पण अर्थ उलटत नाही. शिवाय मोडलेलं वाक्य वाचताना लगेच खटकतं.

आकड्यांचंही तसंच. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत फरक शेवटच्या 'न'चा, म्हणून 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असं सुटं बोला. मराठीत सांगत असाल तर एकोणसाठ-एकोणसत्तर जपा. थायरॉक्सिनचा डोस सांगताना 'मायक्रोग्रॅम' पूर्ण म्हणा. त्या जागी मिलिग्रॅम पडलं तर डोस हजार पट होतो. 'हायपो' (कमी), 'हायपर' (जास्त) यांच्या भरवशावर राहू नका, सोबत बीपीचा किंवा शुगरचा आकडा सांगा. हायड्रॅलझीन बीपीचं, हायड्रॉक्सिझीन खाजेचं. औषध कशासाठी ते बोललात तर वाचणाऱ्याला चूक पकडता येते.

२०१८ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या २१७ डिक्टेशन्सचा अभ्यास झाला. सॉफ्टवेअरने उतरवलेल्या, न तपासलेल्या मजकुरात दर शंभर शब्दांमागे सातांहून जास्त चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टने (डिक्टेशनचा मजकूर तपासणाऱ्या माणसाने) तपासल्यावर त्या शंभर शब्दांमागे ०.४ वर आल्या.

पेशंटची भाषा हरवू देऊ नका. कळ येणं, ठणकणं, जळजळणं, चमक निघणं ही चार वेगळी दुखणी आहेत. सेटिंग इंग्रजीवर असताना हे शब्द बोललात तर भलतंच काहीतरी उमटतं, आणि घाईत आपण सगळ्याला 'पेन' म्हणून मोकळे होतो. तेवढ्यापुरती भाषा मराठी करा किंवा ती ओळ हाताने टाइप करा.

मजकूर सारखाच चुकत असेल तर आधी पंखा आणि मास्क बघा. पंख्याचा झोत माइकवर नको, माइक तोंडाजवळ हवा. बोलण्याआधी कुणाची फाइल उघडी आहे तेही बघा, नाहीतर सात नंबरच्या बेडची हिस्टरी आठ नंबरला जाते. विचार करायला थांबलात तर रेकॉर्डिंगही थांबवा. काही एआय प्रणाली शांततेतही न बोललेली वाक्यं घालतात. व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या एआयच्या बाबतीत संशोधकांनी हे दाखवून दिलं आहे.

आणि जनरल वॉर्डात एचआयव्हीचा रिपोर्ट किंवा गर्भपाताची हिस्टरी मोठ्याने बोलू नका. शेजारच्या पलंगापाशी बसलेले नातेवाईक सगळं ऐकत असतात. त्या नोट्स ड्युटी रूममध्ये दार लावून करा.