वकिलीत नव्याने येणाऱ्यांसाठी: डॅनियल वेबस्टरची सुरुवातीची वर्षे

वकिलीत नव्याने आलेल्यांनी एखादे चरित्र सुचवायला सांगितले, तर मी अमेरिकेचा नामवंत वकील आणि सिनेटर डॅनियल वेबस्टर याची सुरुवातीची वर्षे वाचायला सांगतो. सिनेटमधली त्याची गाजलेली भाषणे नंतर वाचली तरी चालतात. न्यू हॅम्पशायरच्या सॉल्झबरीत १७८२ साली जन्मलेला वेबस्टर १८०१ मध्ये डार्टमथ कॉलेजातून बाहेर पडला आणि गावातल्याच टॉम्सन नावाच्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करू लागला. प्रथेप्रमाणे तिथे त्याच्या हाती जुना इंग्रज कायदेपंडित कोक याचा जडजंबाल ग्रंथ आला. विशीतल्या अननुभवी मुलाला कोक समजत नाही, असे त्याने पुढे आत्मवृत्तात स्पष्ट लिहिले आहे. त्याला कायदा उमगू लागला तो एस्पिनास या लेखकाच्या कायद्यावरील सोप्या पुस्तकातून. माझ्या ज्युनिअरना मी हा भाग आवर्जून दाखवतो, कारण न कळणारे पुस्तक काही काळ बाजूला ठेवण्यात त्यांना उगाच कमीपणा वाटतो.

थोरला भाऊ एझिकिएल याच्या शिक्षणाला पैसा हवा होता, म्हणून १८०२ मध्ये वेबस्टरने आजच्या मेन राज्यातील फ्रायबर्ग येथे ३५० डॉलर वार्षिक पगारावर शाळेत शिकवले आणि पगार शिल्लक राहावा म्हणून रात्री जमिनीचे दस्त नकलून खर्च भागवला. पुढे बॉस्टनमध्ये क्रिस्टोफर गोर या वकिलांकडे शिकत असताना, वडील न्यायाधीश असलेल्या कोर्टात त्याला सुमारे १५०० डॉलर उत्पन्नाची कारकुनाची जागा चालून आली. घर कर्जात होते, वडिलांची इच्छा होती. तरी गोर यांच्या सल्ल्याने त्याने ती नाकारली. हा निर्णय मला आजही धाडसाचा वाटतो.

१८०५ मध्ये सनद मिळाल्यावर वडिलांजवळ राहता यावे म्हणून त्याने बॉस्कॉवेन या खेड्यात वकिली थाटली आणि १८०७ मध्ये ती एझिकिएलच्या हवाली करून पोर्ट्समथ हे बंदराचे शहर गाठले. तिथे जेरेमाया मेसन हा प्रतिस्पर्धी ज्यूरीशी साध्या, छोट्या वाक्यांत बोलून खटले जिंकत असे; ते पाहून वेबस्टरने आपली अलंकारिक भाषा सोडली. अमेरिकी सरकारने परदेशी व्यापारावर घातलेल्या बंदीने आणि पुढे ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धाने बंदराचे व्यापारी, म्हणजे त्याचे अशीलच, अडचणीत आले. त्यांची बाजू त्याने रॉकिंगहॅम परगण्याच्या वतीने लिहिलेल्या युद्धविरोधी निवेदनात मांडली आणि त्याच वर्षी तो प्रतिनिधिगृहावर निवडून आला. १८१८ मध्ये राज्य सरकारने कॉलेजचा ताबा घेऊ पाहिल्यावरून उभा राहिलेला डार्टमथ कॉलेजचा खटला त्याने कॉलेजच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात चालवला, तेव्हा त्याच्या युक्तिवादाचा मोठा भाग राज्याच्या न्यायालयात त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या मेसन आणि जेरेमाया स्मिथ यांनी आधीच रचून ठेवलेला होता.