जुन्या आयपॉडमधली नाट्यगीतं कशी काढली

लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. वडिलांच्या कॅसेटींवरून महिनाभर बसून उतरवलेली नाट्यगीतं उरली ती फक्त आयपॉड क्लासिकमध्ये. नव्या लॅपटॉपला जोडला तर आयट्यून्स हे ॲपलचं सॉफ्टवेअर विचारतं, सगळं पुसून सिंक करू का? धस्सच झालं! आधी 'रद्द'. सिंक, म्हणजे गाणी जुळवून भरणं, संगणकाकडून आयपॉडकडेच होतं, उलटं नाही.

मग लॅपटॉपवर आयपॉडचा ड्राइव्हच दिसेना. मेनू आणि मधलं बटण दाबून रीसेट केला, लोगो येताच मधलं बटण आणि प्ले दाबून धरलं. डिस्क मोड सुरू झाला, म्हणजे आयपॉड पेनड्राइव्हसारखा दिसू लागला. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय निवडला, तसा 'आयपॉड_कंट्रोल' फोल्डर दिसला. त्यात 'म्युझिक', त्यात एफ००, एफ०१ असे फोल्डर. गाणी सगळी तिथेच, पण नावं चार अक्षरांची, अगम्य.

सगळं जसंच्या तसं कॉपी केलं. गाण्याचं नाव, गायक हे फाइलच्या आत टॅगमध्ये असतं. एमपी३टॅग या फुकट सॉफ्टवेअरने त्यावरून झटक्यात नावं बदलली. विकतचं काही लागलं नाही.

टॅग भरायचा मी आळस केलेल्या अकरा फाइली मात्र आईने ऐकून ओळखल्या. बहुतेक पहिल्या आलापातच.