जुन्या कागदावरचा वार जुळवण्याआधी

मोडी कागदावरची तिथी इंग्रजी तारखेशी जुळवायला बसण्याआधी संगणकावर ‘कॅल’ ही कॅलेंडर दाखवणारी आज्ञा तयार हवी. सी, ए, एल ही तीन अक्षरं टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, लिहिली की चालू महिना समोर येतो. मॅकवर ते आधीपासूनच असतं. उबुंटूवर सापडलं नाही तर ‘एनकॅल’ हे पॅकेज टाकून घ्या. आधी महिना लिहायचा, मग वर्ष, आणि वर्षाचे चारही आकडे. नुसतं ७४ लिहिलंत तर १६७४ ऐवजी इसवी सन ७४ उघडेल.

आता सप्टेंबर १७५२ काढा. बुधवार २ तारखेला लागून थेट गुरुवार १४. ब्रिटनने त्या महिन्यात ज्युलियन ही जुनी गणना सोडून आजची ग्रेगोरियन धरली, आणि कॅलही तिथेच गणना बदलतं. अकरा तारखा गळाल्या, पण वारांची साखळी तुटली नाही. म्हणूनच कागदावर वार लिहिलेला असेल तर मला तारखेपेक्षा त्याचा आधार जास्त वाटतो.

मग दोन ओळखीच्या तारखांवर हात बसवा. शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार: फेब्रुवारी १६३० मध्ये १९ तारखेला शुक्रवारच दिसतो. ही ज्युलियन तारीख. आजच्या गणनेने तो दिवस १ मार्चचा. पानिपत १४ जानेवारी १७६१, बुधवार. ते १७५२ च्या अलीकडचं, तिथे काही फिरवावं लागत नाही.

गोव्याचा पोर्तुगीज कागद असेल तर सावध राहा. पोर्तुगालने १५८२ मध्येच ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर धरला, त्यामुळे शिवकाळात गोव्याची तारीख सुरतेच्या इंग्रजांच्या दहा दिवस पुढे असते. कॅलच्याच जोडीच्या एनकॅल या आज्ञेला वजा चिन्ह, एस आणि पुढे पीटी हा देशाचा कोड दिला की ते पोर्तुगालचा बदल धरतं. मात्र काही लिनक्सांवरच्या कॅलमध्ये याच एसचा अर्थ ‘आठवडा रविवारपासून’ असा आहे, तेव्हा मॅन पेज, म्हणजे त्या आज्ञेची माहितीपुस्तिका, आधी वाचा. इंग्रजांचं वर्षही तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यांच्या पत्रावरचा फेब्रुवारी १६७३ बहुधा आपला १६७४ असतो.

आता कागद जवळ घ्या. मंदवासर म्हणजे शनिवार, भृगुवासर शुक्रवार, सौम्यवासर बुधवार. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढचा आकडा हिजरी महिन्यातल्या तारखेचा. कॅलला तिथी कळत नाही, त्यासाठी जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचं कोष्टक, शेजारी हवीच. घटना पहाटेची असेल तर आणखी एक बघा: आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. एका दिवसाचा फरक अनेकदा तिथेच सापडतो. तरीही वार जुळला नाही तर तारीख ओढूनताणून बसवू नका, प्रश्नचिन्ह टाकून ठेवा. जुळला तर तारखेपुढे ‘ज्यु.’ की ‘ग्रे.’ हे त्याच वेळी लिहा.