कीटकनाशकाचे लेबल कसे तपासावे

तासगाव किंवा पलूस भागात द्राक्षासाठी औषध घेताना, पैसे देण्याआधी बाटली उजेडात धरून लेबल शांतपणे वाचावे. कीटकनाशके कायदा 1968 आणि त्याखालील 1971 च्या नियमांनुसार लेबलवर नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचे नाव व टक्केवारी, उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन वा माप, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असावीच लागते. तारखेवरून अंगठा फिरवून पाहावा. मूळ छपाईवर दुसरा कागद डकवला असेल, तर कडेची उंची नखाला लागते आणि अशी बाटली मुळीच घेऊ नये.

त्यानंतर चौकटीतील त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, आणि त्यावर कवटीचे चिन्ह हवेच. पुढे पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो. हिरव्यालाही निर्धोक समजू नये.

आतील माहितीपत्रकात आपले पीक नसेल, तर दुकानदार कितीही खात्री देवो, ती फवारणी शिफारशीबाहेरची ठरते. विषबाधेवरील उपायही त्यातच असतो, म्हणून ते फेकू नये. शंका आल्यास पक्के बिल व सीलबंद बाटली घेऊन पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार करावी.