पुस्तक छापून झालं, मग खपत का नाही? या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी मला हा फोन येतो. "काकू, पुस्तक आलं हो!" आवाजात आनंद मावत नसतो. मी अभिनंदन करते आणि विचारते, "किती छापलं?" "हजार." "घेणार कोण?" यानंतर तिकडे जी शांतता पसरते, ती मला आता पाठ झाली आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई, राहते नागपुरात प्रतापनगरला. दोन पुस्तकं पदरचे पैसे घालून काढली. पहिलं आपटलं, दुसऱ्याची तिसरी आवृत्ती चालू आहे. एवढ्या भांडवलावर लोक मला सल्ला विचारतात, मान डोलावतात आणि मग माझ्या पहिल्या पुस्तकाच्याच वाटेने जातात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

प्रकाशन सोहळा म्हणजेच प्रसिद्धी, असं समजणं

माझं पहिलं पुस्तक 2014च्या मे महिन्यात आलं. वऱ्हाडी स्वयंपाकाच्या आठवणी. नागपूरचा मे, पारा पंचेचाळीसच्या घरात, लेकरांच्या सुट्ट्यांमुळे निम्मी वस्ती गावाला. आणि मी सीताबर्डीजवळ सभागृह घेऊन सोहळा ठेवला. खर्चाचा कागद अजून जपून ठेवलाय: सभागृह 6,000, मंच आणि फुलं 1,500, फ्लेक्स 1,200, पाच पाहुण्यांची शाल-श्रीफळं 2,500, स्मृतिचिन्हं 2,000, आणि 180 माणसांचे चहा-पोहे माणशी 60 प्रमाणे 10,800. बेरीज 24,000.

सहाचा कार्यक्रम सव्वासातला सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे दुसऱ्या एका सत्कारातून यायचे होते. पुस्तकाची फीत सोडताना निरगाठ बसली. सोडवून झाली तर फोटोवाला म्हणाला, पुन्हा एकदा करा. पाहुण्यांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं हे पहिल्या दोन मिनिटांत कळलं. पुढची पस्तीस मिनिटं ते त्यांच्या आईच्या हातच्या पुरणपोळीवर बोलले. माझ्या पुस्तकात पुरणपोळी नाही.

पण खरा घोळ टेबलाचा होता. विक्रीचं टेबल मी समोरच्या दाराशी लावलं होतं, लोक आत आले तिथे. पोहे होते मागच्या व्हरांड्यात. भाषणं संपल्यावर मंडळी मागे गेली, तर्री-पोहे खाल्ले आणि मागच्याच फाटकातून आपापल्या गाड्यांकडे निघून गेली. समोरच्या दाराशी माझा भाचा एकटा बसून. त्याच्याजवळ सुट्टे नव्हते, आणि "काय आहे हो यात?" असं कोणी विचारलं तर "रेसिपी आहेत" एवढंच त्याला सांगता येत होतं. 200 रुपयांचं पुस्तक 20 टक्के सवलतीत 160ला. विकल्या गेल्या 23 प्रती, म्हणजे 3,680 रुपये. 'सप्रेम भेट' लिहून मी माझ्या हाताने वाटल्या 61.

सोहळा करूच नका, असं मी म्हणत नाही. आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवायचं असेल तर अवश्य करा, फक्त तो खर्च बारशाच्या खात्यात लिहा. करायचाच तर टेबल चहाला खेटून लावा. टेबलावर पुस्तक वाचलेलं माणूस बसवा, पाकिटात पन्नासच्या नोटा ठेवा, यूपीआयचा कागद दोन ठिकाणी चिकटवा. वक्ता एकच, आणि तोही ज्याला महिनाभर आधी प्रत देऊन "चाळीसाव्या पानावर काय आहे?" असं विचारायची तुमची हिंमत आहे असा. मेमध्ये नको. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलेलं असताना बर्डीकडे तर मुळीच नको. मोर्चे आणि पोलिसांचे कठडे पार करत तुमच्या कवितासंग्रहासाठी कोणी येणार नाही.

गर्दी दिसली की तिथे पुस्तक नेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी मोठ्या हुशारीने केली.

मे महिना वाया गेला तर दसऱ्याला भरून काढू, असं मी ठरवलं. नागपुरात पुस्तकं कुठे विकली जातात हे लहान लेकरूही सांगेल: दीक्षाभूमीवर. 14 ऑक्टोबर 1956ला अशोक विजयादशमी होती. त्या दिवशी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि तेव्हापासून दर वर्षी लाखो माणसं येतात. जाताना पुस्तकं घेऊन जातात. शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांसाठी तिथे रांग लागते. संविधानाच्या प्रती गठ्ठ्यांनी संपतात. एवढा वाचक एका जागी मिळत असताना मी का मागे राहू? ओळखीच्या एका विक्रेत्याच्या स्टॉलवर टेबलाचा कोपरा मिळवला आणि ऑटोत चार गठ्ठे घालून पोचले.

शेजारचा विक्रेता माझ्या गठ्ठ्यांकडे बघून म्हणाला, "म्याडम, एवढी जाड बुकं कायले आनली? लोकाईले रात्रीची गाडी धराची हाय." त्याच्याकडची निम्मी पुस्तकं वीस-तीस ते शंभर रुपयांतली, पातळ, पिशवीत मावणारी. माझं सव्वादोनशे पानांचं, गुळगुळीत कागदावरचं. मला वाटलं, याला काय कळतंय.

दुपारी परभणीकडच्या एक बाई थांबल्या. माझं पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्या नीट दहा-बारा मिनिटं वाचलं. अनुक्रमणिका, मधली काही पानं, पुन्हा अनुक्रमणिका. मग मला विचारलं, "ताई, यात आमच्या घरचं काय आहे?" मी म्हटलं, गोळाभात आहे, वडाभात आहे, पाटवडी-रस्सा आहे. त्यांनी पुस्तक जागच्या जागी, सरळ करून ठेवलं. "चांगलं लिहिलंय," म्हणाल्या, "पण आमच्याकडचं नाही." रागाने नाही म्हणाल्या, आणि खरंच म्हणाल्या. वऱ्हाडी स्वयंपाक असं नाव देऊन मी माझ्या आजोळच्या चार घरांचा स्वयंपाक लिहिला होता.

नंतर त्यांनी पर्समधून वहीचा फाडलेला कागद काढला. त्यावर पेनाने सात नावं होती, विहारातल्या मुलांनी सांगितलेली. शेजारच्या स्टॉलवर त्यांनी कागद पुढे केला, सहा पुस्तकं मिळाली, सातव्यासाठी त्या पुढच्या रांगेत गेल्या. भाव केला नाही, चाळून बघितलं नाही. मी दिवसभर बघत बसले: दर दुसऱ्या माणसाच्या हातात असा कागद, नाहीतर मोबाईलमध्ये फोटो. म्हणजे घ्यायचं काय हे घरून, गावातूनच ठरून आलेलं. स्टॉलवर फक्त पैसे देणं बाकी होतं. त्या कागदावर माझं नाव यायला कोणतंच कारण नव्हतं. माझ्या दोन प्रती गेल्या, त्यातली एक स्टॉलवाल्यानेच भिडेखातर घेतली.

साहित्य संमेलनाचंही तेच. 2023च्या फेब्रुवारीत संमेलन वर्ध्याला होतं, आपल्या दाराशी. किती जण गठ्ठे घेऊन गेले आणि "लोक नुसते फिरतात, घेत नाहीत" म्हणत परत आले. लोक घेतात हो. ज्याचं नाव आधी ऐकलंय, त्याचं घेतात.

म्हणून दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी उलटीकडून सुरुवात केली. छापायच्या आधी दोन वर्षं 38 घरांत जाऊन बसले, जाती-पोटजातींची, गावशहरांची सगळी सरमिसळ करून. प्रत्येक घरातली एक पाककृती आणि एक हकीकत घेतली. त्याचबरोबर एक वही घातली: नाव, फोन, कोणत्या भिशीत, कोणत्या शाळेत, कोणत्या वाचनालयात जाणं-येणं. पुस्तक छापायला गेलं तेव्हा वहीत 340 नावं होती आणि त्यातल्या 190 जणींनी आगाऊ पैसे दिले होते. सोहळा केला नाही. अकरा भिशींत गेले, प्रत्येक ठिकाणी एकच पान मोठ्याने वाचलं, कुरडयांचा चीक घोटताना सासू-सुनेचं जुंपतं ते. वाचून झालं की गप्प बसायचं. "विकत घ्या" म्हणायची वेळ आली नाही.

तुमचं पुस्तक स्वयंपाकाचं नसेल. मग तुमची 38 घरं कोणती, ते तुम्ही शोधा. नवे लेखक इथे हमखास कंटाळतात. "काकू, काहीतरी झटपट सांगा ना." झटपट काही नाही. आहे तेवढं खाली देते.

झटपट पाहिजे असणाऱ्यांसाठी

व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट पाठवला आणि कोणी उत्तर दिलं नाही? ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही, त्यांना तो मेसेज पोचतच नाही. वर एका यादीत 256 माणसंच बसतात. मी एकेकाला नावाने लिहिते, दिवसाला दहा. हात दुखतो, पण उत्तरं येतात.

सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, लग्नाच्या ग्रुपवर मुखपृष्ठ टाकणं बंद करा. लोक तिथे अंगठा दाखवतात, तो पुस्तकाला नसतो.

प्रेसच्या फाइलमधला मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला आणि किडेमुंग्या उमटल्या? तो जुन्या फॉन्टमधला असतो. मलपृष्ठाचा मजकूर, अनुक्रमणिका आणि पुस्तकाचं नाव युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट उमटेल असा, पुन्हा टाइप करून घ्या. चित्रातल्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका. फोनवर तुमचं नाव शोधणाऱ्याला तुम्ही सापडायला पाहिजेत.

मलपृष्ठावर "संवेदनशील मनाचा हुंकार" लिहू नका. माझ्या मलपृष्ठाचं पहिलं वाक्य आहे: "नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या सुनेला कळायला तीन दिवस लागले." एका पुणेरी वितरकाने 'सांबारवडी' म्हणजे इडलीसोबतचं काही असेल असं समजून मला फोन केला होता, त्यातून सुचलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, त्यासाठी दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो ऑनलाइन अर्जावर फुकट देते, लेखकाच्या स्वतःच्या नावेही. फक्त छपाईच्या आदल्या दिवशी अर्ज करू नका.

"पंधरा हजारांत बेस्टसेलर" हे पॅकेज माझ्या ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी घेतलं. ऑनलाइन दुकानातल्या पुस्तकांच्या एका छोट्याशा वर्गात एका दुपारी पहिला क्रमांक आला, त्याचा स्क्रीनशॉट आला, संध्याकाळी क्रमांक गेला. त्यांनी स्क्रीनशॉट फ्रेम करून घेतला. मी काही बोलले नाही.

मुलगी, जावई, साडू यांच्याकडून ॲमेझॉनवर पाच तारे मागू नका. घरच्यांची परीक्षणं तिथल्या नियमात बसत नाहीत, काढून टाकली जातात. अनोळखी वाचकाने तीन तारे देऊन चार ओळी लिहिल्या तर आनंद माना.

किंमत छपाईच्या हिशोबाने ठरवणं

याला थोडा वेळ देते, कारण बँकेतल्या बाईला हे बघवत नाही. प्रतीमागे 110 रुपये खर्च, म्हणून किंमत 180 ठेवली, वाचकाला स्वस्त पडावं म्हणून. छान. आता वितरकाकडे जा. तो 40 ते 50 टक्के मागतो आणि त्यात दुकानदाराचाही वाटा असतो, त्यामुळे तो लुटारू नाही. 180चे निम्मे 90. म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीवर तुम्ही वीस रुपये गमावले, आणि जितकं जास्त खपेल तितकं बुडाल. दुकानांत जायचं असेल तर खर्चाच्या तिप्पट तरी किंमत लावा. नसेल परवडत तर पानं कमी करा, गुळगुळीत कागद सोडा. हाताने विकायचं असेल तरच दुप्पट चालते.

टपालखर्चही आधीच धरा. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर 2024मध्ये बंद झाली. तरीही लोक जुन्या सवयीने "टपालखर्च आमच्याकडे" असं जाहीर करतात आणि मग मला फोन करतात.

वाचनालयांना विसरणं, किंवा त्यांना भिकाऱ्यासारखं भेटणं

राज्यात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं अकरा हजारांच्या घरात आहेत. ग्रंथालय संचालनालय निवडक ग्रंथांची यादी काढतं, तिच्यासाठी मुदतीत प्रत पाठवावी लागते. नव्या लेखकांपैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं. आणि ज्यांना माहीत असतं ते ग्रंथपालांसमोर उभे राहून "एवढी प्रत घ्या ना" म्हणतात. ग्रंथपालबाईंकडे वाचकांच्या मागण्यांची वही असते. त्या वहीत दोन सभासदांनी तुमचं नाव लिहिलं, तर मार्चच्या खरेदीत प्रत आपोआप येते. माझ्या 340 नावांतल्या साठेक जणी कुठल्या ना कुठल्या वाचनालयाच्या सभासद होत्या. मी त्यांना एवढंच सांगितलं, "तुमच्याकडे आहेच पुस्तक, तरी मागणी लिहा, शेजारणीसाठी."

वर्तमानपत्रांना परीक्षणासाठी प्रती पाठवताना 'मा. संपादक' असं लिहून वीस ठिकाणी पाठवू नका. त्या विषयावर लिहिणाऱ्या चार माणसांची नावं शोधा, सोबत पाच ओळींची चिठ्ठी ठेवा, महिन्याने एकदा विचारा. दुसऱ्यांदा विचारू नका.

आणि शेवटच्या पंचवीस प्रतींना हात लावू नका. पुरस्कारांसाठी प्रवेशिका मागवतात तेव्हा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन प्रती लागतात, राज्य वाङ्मय पुरस्कारालाही लागतात. 1954च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनानंतर 30 दिवसांत प्रत पाठवायची असते, ती वेगळीच. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती मी वाटून बसले होते. एका पुरस्काराची मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मानेवाड्याच्या एका मैत्रिणीकडे जाऊन तिला दिलेली 'सप्रेम भेट' परत मागावी लागली. पहिलं पान चिकटपट्टीने झाकून पाठवली.