फायरवॉल अपग्रेड करण्यापूर्वीची तयारी

फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कमधून ये-जा करणारी वाहतूक नियमांनुसार गाळणाऱ्या उपकरणावर, नवी सॉफ्टवेअर आवृत्ती चढवण्याचे प्रत्यक्ष काम थोडक्यात आटोपते. त्याआधीची तयारी मात्र वेळ आणि लक्ष मागते. काही बिघडलेच तर जुन्या स्थितीत परतण्याची वाट खात्रीने मोकळी असावी, हा या तयारीचा मुख्य हेतू होय.

सर्वप्रथम नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स, म्हणजे उत्पादकाने दिलेली बदलांची टिपणे, पूर्ण वाचाव्यात. त्यातील ‘ज्ञात त्रुटी’ आणि ‘बदललेले वर्तन’ हे भाग विशेष महत्त्वाचे आहेत, कारण जुनी एन्क्रिप्शन पद्धत काढून टाकली गेली असेल, तर दुसऱ्या टोकाला तीच पद्धत वापरणारा व्हीपीएन टनेल (दोन ठिकाणांमधला एन्क्रिप्टेड जोड) अपग्रेडनंतर जुळणार नाही. सध्याच्या आवृत्तीवरून थेट नव्या आवृत्तीवर जाता येते की मधले टप्पे घ्यावे लागतात, आपले मॉडेल तिला पात्र आहे का आणि सपोर्टचा करार चालू आहे का, हेही याच वेळी तपासावे. फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळणारा आकडा) उत्पादकाने दिलेल्याशी जुळवावा आणि डिस्कवर पुरेशी जागा असल्याची खात्री करावी.

कॉन्फिगरेशनचा, म्हणजे उपकरणातील सर्व नियम व सेटिंग्जचा, बॅकअप उपकरणाबाहेर ठेवावा, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. पण तो दुसऱ्या उपकरणावर उघडेल का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. पासवर्ड आणि खासगी किल्ल्या मास्टर की वापरून एन्क्रिप्ट केलेल्या असतील आणि ती की हाताशी नसेल, तर संकटाच्या वेळी तो बॅकअप निरुपयोगी ठरतो. शिवाय नव्या आवृत्तीत जतन केलेले कॉन्फिगरेशन जुनी आवृत्ती स्वीकारेलच असे नाही, म्हणून अपग्रेडपूर्वीची प्रत स्वतंत्र नावाने जपावी.

व्यवस्थापनाची वाट त्याच फायरवॉलमधून जात असेल, तर तो बंद पडताच आपणही बाहेर राहतो. म्हणून नेटवर्कशिवाय उपकरणाशी थेट जोडणारी कन्सोल केबल आधीच जोडून लॉगिन करून पाहावे. या केबलसाठी संगणकावर ठेवायचा सिरीयल वेग अनेक उपकरणांत ९६०० बिट प्रति सेकंद असतो, काहींत ११५२००. स्थानिक प्रशासकाचे खातेही तपासावे, कारण बाहेरचा प्रमाणीकरण सर्व्हर त्या क्षणी पोहोचण्याजोगा नसेल.

एक चालू आणि एक राखीव (स्टँडबाय) अशी दोन उपकरणांची जोडी असल्यास दोन्हींचे कॉन्फिगरेशन समक्रमित आहे का ते पाहावे आणि पूर्वनियोजित वेळी एकदा फेलओव्हर करून घ्यावा, म्हणजे काम राखीव उपकरणाकडे सोपवून पाहावे. आधी स्टँडबाय उपकरण अपग्रेड करावे. महिनोन्‌महिने सुरू असलेले उपकरण जुन्याच आवृत्तीवर एकदा रीबूट करून पाहणे मला आवश्यक वाटते. डिस्कचा सुप्त दोष असेल तर तो तेव्हाच उघड होतो आणि त्याचे खापर नव्या आवृत्तीवर फुटत नाही.

अपग्रेडचे कारण सुरक्षेतील त्रुटी असेल, तर उपकरणात आधीच शिरकाव झाला आहे का, हे तपासण्यासाठी लॉग आणि सपोर्ट फाइल आधी काढून घ्यावी. २०२४ च्या एप्रिलमध्ये पालो अल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलच्या पॅन-ओएस या प्रणालीतील सीव्हीई-२०२४-३४०० या क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीचा गैरफायदा पॅच (दुरुस्ती) येण्यापूर्वीच घेतला गेला होता. अपग्रेडमुळे दरवाजा बंद होतो, आत शिरलेला हल्लेखोर बाहेर पडतोच असे नाही, आणि त्याच्या खुणा मात्र पुसल्या जाऊ शकतात.

अखेरीस पूर्वस्थितीची नोंद घ्यावी : चालू सेशनची (जोडण्यांची) संख्या, राउटिंग टेबल (कोणती वाहतूक कोणत्या मार्गाने जाते याची यादी), बीजीपी शेजारी (मार्गांची माहिती देवाणघेवाण करणारे राउटर), सुरू असलेले टनेल, प्रोसेसर आणि मेमरीचा वापर. या नोंदीशिवाय नंतरचे ‘सर्व ठीक आहे’ हे विधान तपासता येत नाही. महत्त्वाच्या अ‍ॅप्लिकेशनच्या जबाबदार व्यक्तींना वेळ कळवावी, त्यांच्याकडून चाचणीची यादी घ्यावी आणि देखभालीच्या मुदतीतील एक क्षण निश्चित करावा, ज्यानंतर दुरुस्तीचे प्रयत्न थांबवून जुन्या आवृत्तीकडे परतायचे. हा क्षण ठरवताना परत फिरण्यास लागणारा वेळ, रीबूट धरून, आधीच वजा करावा.